आधी जेवण, मग नाव

फार जुनी, ग्रीस देशातली गोष्ट. तिथे दारी आलेल्याला आधी जेवू घालत, मगच नाव विचारत. आणि जेवलेल्या पाहुण्यावर हात उगारणं म्हणजे थेट देवाशी वैर!

लायकास राजाच्या दारी चिंध्या पांघरलेला एक खलाशी आला. राजाने स्वतः त्याला बोकडाचं मटण वाढलं आणि फुशारकी सुरू केली, "माझा किल्ला कपटाने घेणारा तो आर्केतास दिसू दे, उभा चिरतो! बरं, तुझं नाव काय?"

पाहुण्याने हाड चोखून ताटात ठेवलं. "आर्केतास."

दरबार थिजला. घास हातातच राहिले. राजाचा हात तलवारीवर गेला आणि तिथेच अडकला.

"या घरात तू पाहुणा," राजा दातओठ खात म्हणाला. "उंबरठा ओलांडलास की मेलास!"

"मग मी जातच नाही," आर्केतासने ताट पुढे केलं. "वाढा, महाराज."

असे कित्येक दिवस तो जेवत राहिला. राजाच्या कळपात शेवटचा बोकड उरला, तेव्हा राजानेच 'तुला मारणार नाही' अशी देवाची शपथ वाहून आर्केतासला परत जायला जहाज दिलं. बंदरावर राजा हात जोडून उभा होता, आणि मागे अख्खा दरबार आ वासून.