वाळत घातलेल्या मांसाची चव

एका जंगलात, ओढ्याकाठच्या कपारीत, कोल्ह्यांचे एक भरलेले घर होते. त्या घरात नुकतीच एक सून आली होती. ती बोलायची कमी आणि बघायची जास्त. घरात बोलणारे पुष्कळ असल्यामुळे हे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

मुलांनो, मागच्या पावसाळ्यात या घराचे फार हाल झाले होते. ओढा फुगला, शिकार बंद झाली आणि थोरल्या जावेची दोन पिल्ले उपासाने इतकी खंगली की मरता मरता वाचली. म्हणून भर वैशाखात वाघाने टाकून दिलेली सांबराची मांडी हाती लागली, तेव्हा सासू म्हणाली, "सूनबाई, तुझ्या माहेरी मांस वाळवून ठेवतात म्हणे. यंदा तू कर. पिल्लांचा पावसाळा त्याच्यावरच निघायचाय."

सुनेने आधी चरबी काढून टाकली, कारण चरबी राहिली की मांस खवट होते. मग बोटभर रुंदीच्या पातळ पट्ट्या काढल्या. मीठ, हळद आणि ठेचलेली मिरची चोळली आणि एकेक पट्टी बाभळीच्या काट्यांना अडकवली. "चार दिवस कडक ऊन लागेल," ती म्हणाली. "वाकवल्यावर पट्टी तडकली, म्हणजे झाली."

दुपारी सासरा आला. "मीठ बघतो," म्हणाला आणि एक पट्टी खाल्ली. "कमी वाटतंय."

लगेच धाकटा दीर आला. "वहिनी, बाबांना चव कुठे कळते?" त्याने एक खाल्ली. "जास्तच आहे."

"एक म्हणतो कमी, एक म्हणतो जास्त. शेवटी मलाच बघायला लागणार," असे म्हणत नणंदेने दोन ओढल्या. एकीवरून काही कळत नाही, असे तिचे म्हणणे होते.

सासूने एक पट्टी चावून पाहिली. "वाळली नाही गं अजून."

"आत्याबाई, सकाळीच घातलीय."

"तेच म्हणतेय मी."

दुसऱ्या दिवशी पट्ट्या वाळल्या का, हे बघायला सगळे पुन्हा आले. सकाळी आले, दुपारी आले, ऊन उतरल्यावरही आले. सून नवऱ्याला म्हणाली, "घरच्यांना जरा सांगाल का?"

"अगं, एकेका पट्टीने काय होतंय?" नवरा म्हणाला. "नव्या सुनेने असं बोललेलं बरं दिसत नाही. आणि मी कुठे खातोय? बाबांनी अर्धी टाकलेली, तेवढी फक्त संपवली."

तिसऱ्या दिवशी सकाळी बघतात तो बाभळीचे अर्धे काटे मोकळे. मग मात्र घरभर गोंधळ उडाला. शेंड्यावर एक कावळा बसला होता. सासू त्याच्यावर उखडली, "मेल्या, पिल्लांच्या तोंडचं पळवतोस?"

"मावशी, दोन दिवस टपून बसलोय," कावळा म्हणाला. "तुम्ही लोकांनी एक तरी मिळू दिलीत का?"

मग सासरा म्हणाला, "मी तर एकच घेतली होती." दीर म्हणाला, "मीही एकच." नणंदेचेही तेच. थोरली जाऊ इतकेच म्हणाली, "मग आता माझ्या पिल्लांनी काय खायचं?"

सुनेने उरलेल्या पट्ट्या काढल्या आणि वेगवेगळ्या फांद्यांवर लावायला घेतल्या. "ही फांदी मामंजींची. ही आत्याबाईंची. ही भावोजींची, ही वन्संची, या आम्हा दोघांच्या, ही जाऊबाईंची. आणि ही सगळ्यात भरलेली, ती पिल्लांची. पावसाळ्यात ज्याने त्याने आपापल्या फांदीचं खायचं."

"घर एक आणि फांद्या वेगळ्या?" सासू म्हणाली. "आमच्यात असं नसतं."

"चव हवी तेवढी बघा आत्याबाई. फांदी तुमचीच आहे."

त्या दिवशी मीठ कमी की जास्त, हे कोणालाच बघावेसे वाटले नाही. पट्ट्या वाळल्या का, हेही सगळ्यांना लांबूनच दिसू लागले. सासरा आपल्या फांदीखाली राखण करत बसला. दुपारी त्याने हळूच मान वर केली. "पिल्लांच्या पट्ट्यांना मीठ नीट लागलंय का, कोणी बघितलं का?"

"मी बघितलंय, मामंजी," जाऊ दात विचकत म्हणाली.

पावसाळ्यात मोठ्यांना एका दिवसाआड खावे लागले, कारण अर्धे मांस आधीच पोटात गेले होते. पिल्लांना मात्र रोज मिळाले आणि ती दोघे गुटगुटीत राहिली. पाऊस ओसरल्यावर सासू शेजारच्या तरसिणीला सांगत होती, "यंदा मांस छान वाळलं हो. माझं बारीक लक्ष होतं ना त्याच्यावर."

सून ऐकत होती.

तात्पर्य : सगळ्यांच्या ठेवीतून घेतलेला तुकडा प्रत्येकाला लहानच वाटतो, तोच आपल्या वाट्यातून जाणार असेल, तर त्याची चव न बघताही कळते.