उजव्या पायाचे आभार

"अमेरिकेचा सर्वश्रेष्ठ रॉक बँड ईगल्सच! बाकी सगळा गोंगाट," कॉलेजच्या वादसभेत विश्वस्त दाजीसाहेब गुप्ते गरजले. "खोडून दाखवा, नाहीतर रॉक क्लबच्या खोलीला उद्या कुलूप!"

क्लबच्या शाल्मलीने वाद न घालता डोअर्स या दुसऱ्या अमेरिकन रॉक बँडचं गाणं लावलं.

"हाच तो गोंगाट!" दाजीसाहेब खुर्चीतूनच कडाडले आणि नावं ठेवत राहिले.

गाणं चालू असतानाच शाल्मलीने वाकून त्यांच्या फक्त उजव्या पायाला नमस्कार केला.

"पाया पडून खोली मिळायची नाही, पोरी!"

"तुमच्या नाही पडले, साहेब. या पायाचे आभार मानले. तुम्ही नावं ठेवत होतात, तेव्हा हा बिचारा इमानाने ठेका धरून होता."

दाजीसाहेबांनी खाली पाहिलं. पाय अजूनही ठेका देत होता. सभागृहाबरोबर तेही खो खो हसले. "राहू द्या तुमची खोली!"

आता मात्र शाल्मलीने दोन्ही पायांना मनापासून नमस्कार केला.