एका उखळात दोन मुसळे

एकदा एक मुलगी नदीकाठच्या एका वृद्ध वैद्यांच्या पाठशाळेत औषधविद्या शिकायला निघाली. तिचे नाव मथू. तिच्या गावात वैद्य नव्हता. साधा ताप आला तरी माणसाला गाडीत घालून दूर न्यावे लागे. म्हणून तिला हे शिकायचेच होते. निघायच्या दिवशी तिने आनंदाच्या भरात चार वेळा वेणी घातली आणि चार वेळा सोडली.

आईला मात्र घोर लागला होता. नवी जागा, नवी माणसे, पोर कुणाच्या तोंडाकडे बघणार? तिने गाठोड्यात चाळणी भरली, चूर्ण गाळायचे फडके भरले, आणि खास घडवून घेतलेला दगडी खलबत्ताही दिला. "कुणापुढं हात पसरू नकोस बाई," ती म्हणाली. "आठ दिवसांनी तुझे आबा गाडी घेऊन येतील. नाहीच करमलं तर सरळ गाडीत बस."

पाठशाळेची रीत अशी, की अंगणातल्या मोठ्या उखळात दोघींनी समोरासमोर उभे राहून, आळीपाळीने मुसळे मारून औषध कांडायचे. मथू आपला खल घेऊन कोपऱ्यात बसे. चूर्ण सुरेख होई, पण दिवसभर तिच्याशी कुणी बोलत नसे.

"राणीसाहेबांचा थाटच वेगळा!" ठकू नावाची मुलगी एकदा म्हणाली. मथूने ते ऐकले.

सहाव्या दिवशी ती वैद्यांपुढे जाऊन उभी राहिली. "बाबा, परवा आबा आले की मी जाते. इथं माझं कुणी नाही."

वैद्यबाबांनी तिचा खल उचलला, त्यात पाणी ओतले आणि तो कुंपणाच्या भिंतीवर ठेवून दिला.

"अहो बाबा, माझा खल!"

"चिमण्यांना तहान लागली आहे. आणि संध्याकाळपर्यंत पायलीभर सुंठ कांडून हवी."

आता काय करायचे? ठकूची जोडीदारीण गावी गेली होती. ठकू एकटीच घामाघूम होऊन कांडत होती. मथू तिच्याजवळ जाऊन दुसऱ्या मुसळाशी घुटमळली.

"मी... येऊ का तुझ्याबरोबर?"

"ये की! फक्त माझ्या टाळक्यात घालू नकोस."

पहिल्याच घावाला दोन्ही मुसळे एकमेकांवर आपटली.

"अगं, मी खाली आले की तू वर जायचं!"

"मी वरच होते, तूच मध्ये आलीस!"

तेवढ्यात सुंठ नाकात गेली. आधी ठकू शिंकली, मग मथू, मग दोघी एकदम. हसून हसून मुसळ धरवेना. पण हळूहळू ताल जमला, आणि अंगणातल्या साऱ्या मुली बघायला गोळा झाल्या.

"एवढी हसरी आहेस, मग बोलत का नव्हतीस?" ठकूने विचारले.

"तुम्हीच बोलत नव्हता!"

"आम्हाला वाटलं, तुला आम्ही नकोच आहोत."

सुंठ घेऊन मथू वैद्यबाबांकडे गेली, तेव्हा ते म्हणाले, "पोरी, तुझ्या आईनं मायेनं सगळं दिलं. पण त्यामुळं कुणाला हाक मारायचं कारणच तुला उरलं नाही. या मुली वाईट नव्हत्या. तुला आपली गरज आहे, हे त्यांना कळायला हवं होतं. तेवढी वाट मी मोकळी केली."

आठव्या दिवशी आबा आले. "चल बाळ, गाठोडं बांध."

"आबा, ठकूचा हात भरून आलाय," मथू धापा टाकत म्हणाली. "तिला एकटीला कसं सोडू? तुम्ही बसा, पाणी प्या. नाहीतर असं करा, तुम्ही जाच!"

आबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि रिकामी गाडी घराकडे वळवली.

लेकराला नव्या शाळेत धाडताना दप्तर जरूर भरावे, पण एखादी वस्तू शेजारच्या मुलाकडे मागायला राहू द्यावी.