कासवाला राजा केलं तेव्हा

फार मागे एका रानात रीत होती, की नवा राजा ठरेपर्यंत पाणवठ्याला कुणी तोंड लावायचं नाही. एकदा वाघ आणि अस्वल दोघंही गादीसाठी उभे राहिले. तीन दिवस जनावरं रांगेनं येऊन खडे टाकत होती, आणि दर वेळी दोघांचे खडे सारखेच भरत होते. माघार कुणीच घेईना. हरिणीचं पाडस तहानेनं आडवं झालं.

चौथ्या दिवशी कोल्हा आधी वाघाच्या कानाशी लागला, मग अस्वलाच्या. दुपारी दोघांनीही कासवाचं नाव पुढे केलं. कासवाचं कुणाशी वाकडं नव्हतं. दमलेल्या रानानं मान डोलावली.

"मला कुणी विचारलंच नाही," कासव म्हणालं.

"तुम्हाला काही करायचं नाही, महाराज," कोल्हा म्हणाला. "फक्त पाणवठ्याचा राखणदार नेमा."

"तो मी! कोल्ह्यानं शब्द दिलाय," वाघ आणि अस्वल एकदमच ओरडले, आणि पाण्याची वाट अडवून एकमेकांवर गुरगुरू लागले.

हरिणीनं राजाकडे पाहिलं. राजानं मान आत ओढून घेतली.

"राखणदार ठरू दे आधी," कोल्हा ओलं तोंड पुसत म्हणाला. "चला, खडे टाका."

हरिणी मुकाट्यानं खडा शोधू लागली.