आयसल नदीवरचं धुकं

“मग मी तयार आहे की नाही, एवढंच सांगा ना, भन्ते!”

बोटीचं चाक धरून उभ्या असलेल्या प्रशील गजभियेनं चौथ्यांदा विचारलं. भन्ते धम्मरक्खित समोरच्या बाकावर चीवर लपेटून बसले होते. ते पाण्याकडे बघत राहिले.

प्रशीलला हॉलंडमध्ये येऊन अकरा वर्षं झाली होती. दर रविवारी तो तिथल्या मराठी मंडळींना धम्म शिकवायचा. लोक ऐकायचे, माना डोलवायचे. आता नागपूरहून गुरू आलेच आहेत, तर त्यांनी एकदा आपल्याला आचार्य म्हणावं, यासाठीच त्यानं ही बोट भाड्यानं घेतली होती.

चार दिवस दोघं कालव्यांतून रमतगमत चालले होते. बोटीसाठी पूल उचलले जात, काठावरच्या गाई मान वर करून बघत. आणि प्रशील बोलत राही.

त्या सकाळी कालवा संपला, बोट आयसल नदीत शिरली आणि थोड्याच वेळात धुकं उतरलं. बघता बघता दोन्ही काठ दिसेनासे झाले.

“काठाला लावायची का?” भन्तेंनी विचारलं.

“काही गरज नाही. ही नदी मला पाठ आहे.”

कुठेतरी भोंगा वाजला.

प्रशीलनं धुक्यात डोळे ताणून पाहिलं. या नदीतून शंभर शंभर मीटर लांबीचे मालवाहू बार्ज जातात. असला बार्ज ऐन वेळी थांबत नाही.

“समोरून येतोय,” तो घाईघाईनं म्हणाला. “डावीकडून निघून जाईल. मी सांगतो ना!”

भन्ते उठले. त्यांनी हात पुढे करून इंजिनाची किल्ली फिरवली.

इंजिन बंद पडलं.

“भन्ते! हे काय केलंत? भर प्रवाहात आहोत आपण!”

भन्तेंनी नुसता तळहात वर केला.

बोट आपली आपण वाहू लागली. खाली पाणी चुबुकचुबुक वाजत होतं. प्रशीलला स्वतःचा श्वास ऐकू आला... मग तोही त्यानं रोखला.

भोंगा.

मागून. अगदी जवळून.

त्यानं किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं. पुन्हा फिरवली... लागलं! त्यानं चाक गरकन उजवीकडे वळवलं.

बोट काठच्या गवतात घुसली, तोच धुक्यातून एक काळी भिंत बाहेर आली. क्षणापूर्वी ते जिथे होते, तिथूनच वाळूनं भरलेला बार्ज निघून गेला. मागोमाग आलेल्या लाटेनं बोट गदागदा हलली.

प्रशील खाली बसला.

“तो मागून येतोय... हे तुम्हाला कसं कळलं, भन्ते?”

“मला कुठे कळलं होतं?” भन्ते म्हणाले. “म्हणून तर इंजिन बंद केलं.”