गेनूची पकड

ओढ्याकाठच्या उंबरडोह गावात गेनू नावाचा एक भोळा गडी राहत होता. अंगानं बैल, मनानं वासरू. सांगितलेलं ऐकायचा आणि ऐकलेलं करायचा. दोष म्हणाल तर एवढाच.

ओढ्यापलीकडे धामणवेल. दवाखाना तिकडे, पिठाची गिरणी इकडे. पावसाळ्यात ओढा भरला की इकडच्यांनी आजारी पडायचं नाही आणि तिकडच्यांनी भाकरी खायची नाही. पूल मंजूर होता, पण दोन्ही गावांनी एका जागी बसून सह्या केल्याशिवाय सरकार एक दगड टाकायला तयार नव्हतं. आणि दोन्ही गावं एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हती. भांडण कशावरून लागलं ते कुणालाच आठवत नव्हतं. त्यामुळे ते मिटवायचं कुठून, हेही कळत नव्हतं.

गेनूची बायको सगुणा पोटुशी होती. दिवस ऐन श्रावणात भरत होते. पूल व्हावा असं गेनूला मनापासून वाटे.

अशात शहरातून तुंगारेसाहेब आले. खेळातून मैत्री करायची आणि मैत्रीतून विकास, असा त्यांच्या संस्थेचा धंदा होता. साहेब स्वतः आयुष्यात काही खेळले नव्हते. पारावर चढतानाच त्यांना धाप लागली. पण परदेशात म्हणे मैदानात चेंडू टाकला की लढाया थांबतात. हे त्यांनी एका सभेत ऐकलं होतं आणि तेव्हापासून प्रत्येक सभेत ते सांगत होते. त्यांनी ठरवलं की दोन गावांचा कबड्डीचा सामना घ्यायचा आणि तिथंच पुलाच्या सह्या करायच्या. उंबरडोहचे सरपंच दौलतराव लगेच तयार झाले. मैत्रीला त्यांची ना नव्हती. फक्त ती धामणवेलला हरवून करायची होती. म्हणून गेनूला संघात घेतलं.

साहेबांनी गड्यांना पारासमोर बसवून उपदेश केला. पलीकडचा माणूस आपला शत्रू नाही, तो आपल्या हद्दीत आला तर हसून त्याला वाट द्यावी, असं बरंच काही ते बोलले. बाकीचे गडी तंबाखू मळत होते. गेनू तेवढा ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी तो सरपंचांच्या ज्वारीची राखण करत होता. धामणवेलच्या म्हशी ओढा उतरून आल्या. गेनूनं कुंपणाची काटेरी फांदी बाजूला केली, म्हशींकडे बघून हसला आणि त्यांना वाट दिली. म्हशींनी मैत्रीत काही कमी पडू दिलं नाही. सरपंच पोचले तेव्हा शेतात धाटंसुद्धा उरली नव्हती.

सरपंचांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "पलीकडून कुणी आपल्या हद्दीत आलं की काठी घ्यायची आणि ओढ्यापार हाकलायचं. कळलं?"

"कळलं," गेनू म्हणाला. "हाकलताना हसायचं का?"

"नाही."

त्यानंतर धामणवेलचे केरबाआप्पा सामन्याचं निमंत्रण स्वीकारायला निघाले. आप्पा म्हणजे तिकडचे म्हातारे सरपंच. मोठे शिवभक्त. जेवण आणि भांडण सोडलं तर त्यांच्या तोंडी सतत 'ओम नमः शिवाय' चाललेलं असे. बरोबर चार जाणती माणसं होती, हातात नारळ होता. ती ओढा उतरून वर येतात तो काठावर गेनू काठी घेऊन उभा. त्यानं हैक हैक करत सगळ्यांना पाण्यातून परत पिटाळलं. आप्पांची एक वहाण वाहून गेली. गेनू जराही हसला नाही.

तुंगारेसाहेबांना नव्या वहाणा घेऊन आप्पांच्या दारात जावं लागलं. तिथून येऊन त्यांनी गेनूला समोर बसवलं. पलीकडून आलेला माणूस आपला पाहुणा असतो, त्याची विचारपूस करावी, चहा घेतल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नये, असं त्याच्याकडून घोकून घेतलं. गेनूनं ते झोपेतही घोकलं, असं सगुणा सांगते.

सामन्याला दोन्ही गावं लोटली. खेळ अगदी बरोबरीत चालला होता. शेवटची चढाई धामणवेलची. त्यांचा गडी कबड्डी कबड्डी करत आत शिरला. उंबरडोहच्या पोरांनी त्याला घेरलं, तेवढ्यात गेनू मध्ये पडला.

"पाहुण्याला धरता काय रे?" असं म्हणून त्यानं आपल्याच गड्यांना मागं लोटलं. मग चढाईवाल्याला घरच्यांची खुशाली विचारली. तो आपला कबड्डी कबड्डीच म्हणत राहिला. गेनूला वाटलं, लाजतोय. तो मागं फिरून निघाला, तसा गेनू चहाला थांबा, चहाला थांबा, करत त्याच्यामागं मधली रेषा ओलांडून गेला आणि स्वतःच बाद झाला. उंबरडोह एका गुणानं हरलं.

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. खेळभावना ती हीच, असं म्हणून त्यांनी गेनूचा फोटो काढला. सरपंच मात्र त्याला मंडपामागं घेऊन गेले. दातओठ खात म्हणाले, "रेषा ओलांडून जो पुटपुटत येतो तो पाहुणा नसतो. त्याचे पाय धरायचे, आडवा करायचा आणि दम तुटेपर्यंत सोडायचा नाही. कुणीही सोड म्हणू दे. मी म्हटलं तरी सोडायचा नाही."

गेनूला वाईट वाटलं. हे आधी सांगितलं असतं तर, असं त्याच्या मनात आलं.

तिकडे सह्यांचं टेबल मांडलं होतं. सावली उंबरडोहच्या बाजूला होती, म्हणून टेबलही त्याच बाजूला. साहेबांनी माईकवरून केरबाआप्पांना बोलावलं. आप्पा फेटा सावरत, ओम नमः शिवाय, ओम नमः शिवाय, असं पुटपुटत निघाले. त्यांनी चुन्याची रेषा ओलांडली.

गेनूनं झेप घेतली. पुढच्या क्षणी आप्पा आडवे, फेटा टेबलाखाली आणि गेनू आप्पांच्या पायांना विळखा घालून पडलेला.

सगळे ओरडले, सोड. सरपंच ओरडले, सोड रे गेन्या. त्यांनी तर बजावूनच ठेवलं होतं. गेनूनं विळखा आणखी आवळला. आणि दम काही तुटेना, कारण भीतीनं आप्पांचा जप उलट मोठ्यानं सुरू झाला होता. अखेर त्यांना राग आवरेना. जप थांबवून त्यांनी गेनूच्या सात पिढ्यांना एक सणसणीत शिवी हासडली.

दम तुटला. गेनूनं त्यांना लगेच सोडलं, उभा राहिला आणि हात वर केला.

मग धामणवेलवाले रेषा ओलांडून आले, सगळेच. उंबरडोहवाल्यांनी टेबलाचे पाय उपटले. पुलाचे कागद कुणाच्या पायाखाली गेले ते कळलं नाही. तुंगारेसाहेब गाडीच्या काचा लावून बसले होते. दोन्ही गावांनी खेळात इतक्या मोठ्या संख्येनं भाग घेतल्याचं उदाहरण दुसरं नाही, असं ते पुढच्या सभेत म्हणाले आणि त्यांना शाल मिळाली. पूल दुसऱ्या तालुक्यात गेला.

ओढा भरायच्या आत सगुणा माहेरी जायला निघाली. जाण्याआधी तिनं गेनूच्या सुजलेल्या पाठीला हळदीचा लेप लावला. गेनू पालथा पडून बोटं मोजत होता. काहीतरी हिशोब करत असावा.

"सगुणा," तो शेवटी म्हणाला, "आप्पांचा एक गुण धरला, तर सामना बरोबरीत सुटला ना गं?"