कळत नाही म्हणणारे आचार्य

पूर्वी गोदावरीकाठच्या पोतन नगरात दृढसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथे चेंडूकाठीच्या खेळाचे आचार्य होते. टोकाला वाकलेल्या काठीने लाकडी चेंडू पळवायचा आणि समोरच्यांच्या दोन खांबांमधून पार करायचा, असा तो खेळ. राजाला त्याचे एवढे वेड होते की कारभार बुडाला तरी चालेल, खेळ बुडता कामा नये, असे लोक हसून म्हणत.

कोणता मुलगा पुढे मोठा खेळाडू होईल हे बोधिसत्त्व नुसते पाहून सांगत. तीस वर्षांत त्यांचा शब्द एकदाही खोटा ठरला नव्हता. दर कार्तिकी पौर्णिमेला राजासमोर नवशिक्यांची परीक्षा होई. ज्याच्यात दम दिसेल त्याला आचार्य खेळाडूंच्या रांगेत बसवीत. ज्याच्यात दिसणार नाही त्याची काठी गुडघ्यावर मोडून त्याच्या हाती देत. काठी मोडली की त्या मुलाने पुन्हा कधी खेळायचे नाही, असा नगराचा रिवाज होता.

त्या वर्षी परीक्षेला उत्तिय नावाचा विणकराघरचा मुलगा होता. वडील नव्हते, आई माग चालवी. वर्षापूर्वी आला तेव्हा तो मोठा चपळ होता. आता मात्र त्याला काही केल्या जमेना. चेंडू काठीखालून निसटे, पायात पाय अडकत, आणि सोबतची मुले त्याला बगळा म्हणून चिडवीत. तरी रोज सर्वांच्या आधी मैदानात हजर तोच. पाहणाऱ्याचा जीव तुटावा असे त्याचे ते धडपडणे होते.

परीक्षेत त्याने तीनदा चेंडू गमावला आणि चौथ्यांदा स्वतःच पडला. सगळे हसले. उत्तिय उठला आणि आपण होऊन काठी घेऊन आचार्यांपुढे आला.

“मोडा, आचार्य,” तो म्हणाला. “पण आईला एवढे सांगा, की मी आळस केला नाही.”

बोधिसत्त्वांनी काठी हातात घेतली आणि ते थबकले. काठी फारच आखूड होती. प्रवेशाच्या दिवशी मुलाचे माप घ्यायचे आणि मग तीन वर्षे काठी बदलायची नाही, अशी रीत होती. त्यांनीच माप घेतले होते. पोरगा वर्षात वीतभर वाढला, वर्षभर कमरेत वाकून खेळला, आणि रोज पाहणाऱ्या आचार्यांना ते दिसले नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी काठी खाली ठेवली.

“मोडा की!” राजा म्हणाला. “मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, हे तुम्हीच सांगता ना?”

“पाय दिसतात, महाराज. ते कुठवर चालतील हे दिसत नाही. याचे अंग अजून वाढते आहे आणि काठी मी चुकीच्या मापाची दिली आहे. हा मोठा खेळाडू होईल की नाही, मला कळत नाही.”

राजा संतापला. “कळत नाही म्हणणारा आचार्य काय कामाचा? काठी मोडा, नाहीतर आसन सोडा!”

बोधिसत्त्व आसनावरून उठले.

“माझ्यासाठी नको, आचार्य,” उत्तिय रडू लागला.

“तुझ्यासाठी नाही रे बाळा. माप माझे चुकले आहे.”

पुढे बोधिसत्त्व विणकरांच्या वस्तीत राहू लागले. दर तीन महिन्यांनी ते उत्तियाला झाडाला टेकवून उभे करीत, माप घेत आणि नवी काठी घडवून देत. पहिले वर्ष फुकट गेल्यासारखेच गेले. साठी बुद्धी नाठी, असे लोक म्हणाले. आई काळजीने विचारी, “जमेल ना हो याला?”

“अजून कळत नाही, बाई. काल पाचदा पडला, आज तीनदा.”

तिसऱ्या वर्षी शेजारच्या राज्याचा संघ खेळायला आला आणि ऐन वेळी राजाचा एक खेळाडू तापाने फणफणला. बदली कोण देणार? रांगेबाहेरच्या साऱ्या तरुणांच्या काठ्या मोडलेल्या. काठी न मोडलेला एकटा उत्तिय उरला होता. राजाने नाइलाजाने त्याला उतरवले. उत्तिय ताठ उभा राहून खेळला. शेवटचा चेंडू त्याने चौघांमधून काढून खांबांपार नेला, तेव्हा त्याची आई भर मैदानात ओक्साबोक्शी रडली.

राजा खाली उतरून आला. “आचार्य, तुम्हाला तेव्हाच कळले होते! उगाच लपवलेत.”

नुसती मान डोलावली असती तर गेलेली कीर्ती परत आली असती. पण बोधिसत्त्व म्हणाले, “नाही, महाराज. मलाही आजच कळते आहे, तुमच्याबरोबर. आणि माझा शब्द तीस वर्षे खरा कसा ठरला, तेही आज कळले. मोडलेल्या काठीने कोणी खेळून दाखवू शकत नाही.”

एवढे बोलून त्यांनी डोळे पुसले. राजाने त्याच दिवशी तो रिवाज बंद केला.

ध्यानाला बसला की पेंगणाऱ्या एका तरुण भिक्षूला घरी धाडावे, असे भिक्षू म्हणत होते, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, “त्या जन्मीचा राजा म्हणजे आज याला घरी धाडायला निघालेले वडीलधारे स्थविर भिक्षू. ती आई म्हणजे याला रोज भिक्षा वाढणारी उपासिका. उत्तिय म्हणजे हा भिक्षू. आणि ज्याने पुष्कळ काठ्या मोडल्यावर एक राखली, तो आचार्य मी होतो. दुसऱ्याच्या वाढीची वाट पाहणे, हीच क्षांती, हाच खरा धीर.”

तरुण भिक्षू त्या वेळी टक्क जागा होता.